रोह्याच्या गणपतीचा उजवा डोळा

"उतरवा त्याला! आधी खाली उतरवा! हा बेवडा आमच्या गणपतीचे डोळे काढणार?"

मी स्टुलावर उभा होतो. समोर पाच फुटी बाप्पा, हातात शून्य नंबरचा ब्रश, म्हणजे जाडीला उंदराच्या मिशीएवढा, आणि त्याचं टोक बाप्पाच्या डाव्या पापणीवर नुकतंच टेकलेलं. साहेब कारखान्याच्या दारातूनच असे ओरडले, की फळ्यांवर मांडलेल्या दोनशे मूर्तींचे कान हलले. खोटं वाटेल तुम्हाला. पण गणपतीचे कान ते, हलायला ऐसपैस जागा असते.

घासकामाच्या बाया थांबल्या. रंगकामवाले थांबले. आमचे शेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, हातातला चहा तसाच धरून धावत आले आणि निम्मा चहा एका मूर्तीच्या हातातल्या मोदकावर सांडला.

"काय झालं साहेब? आमचा आखणीवाला आहे हा. पेणमध्ये याच्यासारखा हात नाही."

"हात? मी ओळखतो याला. खाडीकडचा ना हा? मिठागरवाला? दारूच्या वासापायी याला आमच्या कंपनीच्या गेटवरून हाकललंय. याचा हात लागला तर मूर्ती नेणार नाही, सांगून ठेवतो. ही नाही आणि कॉलनीतल्या घरच्या चाळीसही नाहीत!"

मी मागं वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. तो आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. गेले सहा महिने तो माझ्या कानात भाडं न देता राहत होता. साहेब माझ्या हाताबद्दल, माझ्या गावाबद्दल, आमच्या सगळ्या खाडीबद्दल बोलत होते, आणि तेवढ्या वेळात मी श्वास रोखला, पापणीची रेघ एका ओढीत पुरी केली, बुबुळ भरलं, आणि त्यात पांढरा ठिपका ठेवला. तीळभर. बस्स. बाप्पाचा डावा डोळा उघडला.

मग ब्रश पुसला, स्टुलावरून उतरलो आणि अगदी गरीब तोंड करून म्हणालो, "बरं साहेब. नाय लावत हात."

आमच्या धंद्यातला नसेल त्याला यातली गंमत कळणार नाही, म्हणून सांगतो. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. साचा, घासकाम, अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी, सगळं झालं की मग आखणीवाला येतो. तोवर ती मूर्ती म्हणजे नुसतं सामान. कोणी तिच्यावर टॉवेल वाळत घालतं, कोणी डबा ठेवतं. पण एकदा का बुबुळात पांढरा ठिपका पडला, की ती बघायला लागते. मग टॉवेल नाही की डबा नाही. आणि त्यावरून आमच्याकडे दोन गोष्टी कडक पाळतात. उघडलेला डोळा परत रंग मारून पुसायचा नाही. आणि एक डोळा ज्याच्या हातचा, दुसराही त्याच्याच हातचा. दोन माणसांनी दोन डोळे काढले तर बाप्पाची नजर कधी एका जागी येत नाही. हे श्रद्धेचं म्हणा नाहीतर हातोटीचं म्हणा, पेणमध्ये यावर कुणी वाद घालत नाही.

साहेबांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तो ठिपका मी भक्तीनं ठेवला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार सज्जन आहात.

आता गेटचं सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला मोजून घेता येईल.

मी आखणी करतो ती उन्हाळ्यापासून चतुर्थीपर्यंत. बाकीचे महिने पोट काही सुट्टी घेत नाही. आमच्या बापजाद्यांनी खाडीवर मीठ पिकवलं, पण आता मिठागरं बहुतेक ओस पडलीत. म्हणून मी सकाळच्या गाडीनं रोह्याला जायचो आणि तिथून शिफ्टच्या बसनं धाटावला. एका कंपनीत ठेकेदाराकडे पिंपं धुवायचं काम. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला. गाडीनं निडी स्टेशन सोडलं की दारात उभ्या असलेल्या आम्हा ठेक्याच्या माणसांच्या गप्पा आपोआप बंद व्हायच्या. पुढे गेट होतं.

गेटवर दोन रांगा. पांढऱ्या हेल्मेटवाले कायम नोकर, ते कार्ड दाखवून आत. पिवळ्या हेल्मेटवाले आम्ही, आम्हाला वॉचमनच्या नाकासमोर तोंड नेऊन फुंक मारायची. रोज. दारू प्यायलाय का ते बघायला. पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना म्हणे दारू चढतच नाही. हा नियम साहेबांनीच काढला होता, माणसांचं खातं त्यांच्याकडे. वॉचमन रोह्याजवळच्या भातवाल्या गावातला, बिचारा चांगला माणूस. शंभर-शंभर फुंका घेऊन त्याच्या मिशा वाळून गेल्या होत्या. मला म्हणायचा, "तुमच्या गावच्या आठ जणांनी आज सुकट खाल्ली, एकानं अंडं. माझी बायको काय रांधते ते मना ठाव नाय, पण तुमच्या घरातलं सगळं ठाव."

एके सोमवारी मी रांगेत होतो. आदल्या दिवशी सुट्टी, म्हणून पेणला येऊन शेठच्या काही नमुना मूर्ती रंगवल्या होत्या. हाताचा रंग थिनरनं काढला. थिनरचा वास दोन आंघोळींनी जात नाही. मी फुंक मारली, वॉचमन म्हणाला, "कांदा-भाकर. जा." एवढ्यात साहेब त्यांच्या गाडीतून उतरले. माझ्यापासून चार हातांवर उभे राहून त्यांनी नाक वर केलं.

"हा प्यायलाय."

"नाय साहेब. हाताला थिनर लागलंय."

"थिनर पितोस?"

मागची रांग हसली. मीसुद्धा हसलो असतो, दुसऱ्याला विचारलं असतं तर.

लक्षात घ्या, ती केमिकल कंपनी होती. तिथं आमच्या पिंपांना कुजक्या लसणाचा वास, गटाराला गोड पेरूचा वास, आणि चिमणीतून जे निघायचं त्याला तर नावच नाही. कावळे तिथून जाताना एका पंखानं उडायचे आणि दुसऱ्यानं नाक धरायचे. एवढ्या वासांत साहेबांच्या नाकानं एकच वास निवडला, माझा.

मी हात पुढं केले. म्हटलं, बघा, नखात अजून सोनेरी रंग आहे. मी गणपती रंगवतो. ते हाताकडे बघायला तयार नव्हते.

"कुठला तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"खाडीकडचा. मग झालं. सगळे असंच म्हणतात." आणि गेटपास काढून घेतला.

वॉचमननं एकदा तोंड उघडलं, "सायेब, मी वास घेतला, तसं काय नाय..." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तोंड मिटलं. त्यालाही पोट होतं. मी त्याला दोष देत नाही. माझ्याकडे असलेला सगळा दोष मी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

आणि मी पीत नाही असं नाही. हळदीला पितो, होळीला पितो, आणि हळदीत प्यायल्यावर असा नाचतो, की नवऱ्याला सोडून लोक माझे फोटो काढतात. पण कामाच्या दिवशी नाही. श्वास रोखून भुवई ओढणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. हे मी गेटवर सांगणार होतो, पण कुणी विचारलंच नाही.

तर त्या दिवशी कारखान्यात साहेब ओरडत होते आणि मी स्टुलावरून उतरलो, तेव्हा हे सगळं माझ्या पोटात तयार होऊन बसलं होतं. धाटाव गेलं होतं. आता हे स्टूलही जाणार होतं. त्या स्टुलापर्यंत पोचायला मला बारा वर्षं लागली होती. चार वर्षं घासकाम, पाच वर्षं अंगाचा रंग, तीन वर्षं नुसती नखं आणि दात. मग एक दिवस शेठ म्हणाले, चढ. एवढ्या उंचीवरून जग वेगळंच दिसतं. गिऱ्हाईक वर बघून बोलतं.

साहेबांची गाडी गेल्यावर शेठ माझ्याजवळ आले.

"अरे, चाळीस मूर्ती आहेत त्यांच्या. तू घासकामाला बस. मूर्ती गेल्या की बघतो."

मी बायांच्या ओळीत जाऊन बसलो, हातात पॉलिश पेपर. सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारणीला म्हणाली, "बग गो, साहेब आला आपल्यात. सरक जरा, मांडी घालू दे त्याला." आणि मला, "काय रं, राग त्या रोह्यावाल्याचा नि घासतोस माझ्या उंदराला? शेपूट गेलं बग त्याचं."

खरंच गेलं होतं.

पांढरी धूळ नाकातोंडात, भुवयांवर. चार दिवसांत मी असा दिसायला लागलो, की एका गिऱ्हाइकानं मला कोपऱ्यात पाहून विचारलं, ही मूर्ती केवढ्याची. आणि तिकडे साहेबांचा पाच फुटी बाप्पा एका डोळ्यानं सगळा कारखाना बघत उभा. कुणी त्याच्यासमोर तंबाखू खाईना.

शेठनी दुसऱ्या आखणीवाल्याला सांगितलं, उजवा डोळा काढ. तो म्हणाला, घरच्या चाळीस करतो, पण याच्याशेजारी माझी रेघ जाड, जुळणार नाही. तिसऱ्यानं सांगितलं, माझ्या बायकोचे दिवस भरलेत, मला असली कामं सांगू नका. शेवटी शेठनी आपल्या मेहुण्याला बोलावलं. तो पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आधी माझ्या हातून एकच डोळा झालेल्या एका फुटक्या मूर्तीवर त्याला दुसरा डोळा काढून बघायला लावला. काढला त्यानं. डावा डोळा पेणच्या बाजाराकडे, उजवा थेट रोह्याच्या पुलाकडे. म्हातारी म्हणाली, "शेठ, याला रस्त्यावर उबा करा, दोन्हीकडच्या गाड्या दिसतील."

दुसरी मूर्ती द्यावी तर पाच फुटी सगळ्या कधीच ठरून गेलेल्या. चतुर्थीला चार दिवस उरले, तेव्हा शेठ मला मागच्या पडवीत घेऊन गेले.

"साहेब रोह्यात आहेत. इथं कोण बघतंय? गुपचूप तो डोळा काढून टाक."

"नाय काढणार शेठ."

"का?"

"त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं हात लावू नको. आता सगळ्यांसमोर सांगू देत, लाव."

"ते कशाला सांगतील?"

"डोळा पाहिजे म्हणून."

शेठचा चेहरा लाल झाला. चांगला माणूस, पण चाळीस मूर्तींच्या ओझ्याखाली चांगलेपणा किती टिकणार. "हे बघ," ते म्हणाले, "साहेब एका डोळ्याचा गणपती बघून परत गेले ना, तर तुझं स्टूल विसर. यंदाचंच नाही, कायमचं. कळलं?"

कळलं होतं. बारा वर्षं एका पारड्यात आणि साहेबांच्या तोंडचा एक शब्द दुसऱ्यात. शहाण्या माणसानं डोळा काढला असता. मी परत पॉलिश पेपर उचलला. त्या तीन रात्री मी झोपलो नाही असं सांगणार होतो, पण खरं म्हणजे इतका गाढ झोपलो, की बायकोनं दोनदा नाकाला सूत लावून बघितलं. माणसानं एकदा सूड घ्यायचं ठरवलं, की झोप चांगली लागते.

हरतालिकेच्या दिवशी सकाळीच रोह्याहून टेम्पो आला. पुढं साहेबांची गाडी, मागं कॉलनीतल्या आणखी दोन. कॉलनीतली पाचसहा माणसं एकसारख्या कुडत्यांत, आणि बायका जरीच्या साड्यांत, उपास धरलेल्या, तरी बाप्पाला आणायला म्हणून हौसेनं आलेल्या. साहेबांच्या बाईंच्या हातात ओवाळायचं ताट. घासकामाच्या बाया भिंतीला सरकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्यात.

मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता, तशी रीतच असते. साहेबांनी खात्री करायला म्हणून टोक उचललं. मग पूर्ण उचलला.

"डोळा कुठाय?"

शेठ म्हणाले, "आहे ना साहेब. डावा."

"उजवा कुठाय?"

आता आवाज चढला होता. शेठनी हात जोडले आणि काय झालं ते सांगितलं. उघडलेला डोळा पुसत नाहीत, दुसऱ्याचा हात लागत नाही, सगळं. कॉलनीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारे काका म्हणाले, "म्हणजे त्या कारागिराला बोलवा की! मुहूर्ताला मूर्ती बसवायची आहे." साहेबांच्या बाई म्हणाल्या, "अहो, कुठाय तो माणूस?"

मी भिंतीपासून सुटलो. सावकाश. एवढं सावकाश मी माझ्या लग्नातही चाललो नव्हतो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मूर्तीकडे. मग बायकोकडे.

"काढ तो डोळा."

"तुम्हीच म्हणालात हात लावू नको."

"आता म्हणतोय ना, लाव!"

सगळ्यांनी ऐकलं. इथंच थांबलो असतो तर मी मोठा माणूस ठरलो असतो. पण मोठं व्हायला मी आलो नव्हतो. मी स्टूल आणलं, मूर्तीसमोर ठेवलं आणि म्हणालो, "लावतो. पण आखणीच्या जागी कोण उभं राहतं त्याचा इथं नियम आहे साहेब. डोळा उघडताना समोरचा माणूस शुद्ध पाहिजे. जरा फुंक मारा."

असला कुठलाही नियम नव्हता. शेठनी तोंड उघडलं. म्हातारीनं त्यांच्या आधी उघडलं. "व्हय व्हय," ती म्हणाली, "फार जुना नियम हाय."

साहेबांना कळलं. ते माझ्याकडे असं बघत होते, की पिंपातल्या ॲसिडनंही बाजू दिली असती. पण सभोवती कॉलनी उभी होती, काका घड्याळ बघत होते, आणि धर्माची गोष्ट निघाल्यावर मागं कोण सरणार? साहेबांनी फुंक मारली.

मी वास घेतला. घाई केली नाही. डोळे मिटून घेतला. वॉचमन गेटवर घ्यायचा तसा, मान जरा तिरकी करून.

"बोंबील," मी म्हणालो.

"काय?"

"तळलेला बोंबील. आज सकाळचा. कोलाडच्या बाजूला हायवेवर मिळतो तसा, रवा लावून."

उपासाच्या सगळ्या बायका एकदम मागं सरकल्या. साहेबांच्या बाईंनी ताट खाली केलं. "अहो?" एवढंच म्हणाल्या, पण त्या एका शब्दात अख्खं भांडण मावलं होतं.

"मी नाही खाल्लं! देवाशपथ नाही! मी चहासुद्धा घेतला नाही सकाळपासून!"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

आता तुम्हाला खरं सांगतो, कारण साहेब हे वाचणार नाहीत. बोंबलाचा वास आलाच नव्हता. बडीशेपेचा येत होता, थोडासा. खाडीवर जन्मलेला माणूस मी, बोंबील कुणी निडीला तळला तरी मला पेणला कळतो, आणि साहेबांच्या तोंडात बोंबील नव्हता. पण खाडीकडच्या माणसाला मासळीचा वास कळतो, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. आमच्याविषयी त्यांनी जे जे ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक पहिल्यांदाच माझ्या कामाला आलं. साहेबांचा शब्द कुणी धरला नाही. माझा धरला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. कधीकधी जेवताना आठवतं आणि भाकर जास्त जाते.

"चालायचं," मी मोठ्या मनानं म्हणालो. "तोंडावर रुमाल धरा आणि ही रंगाची वाटी धरा. माझ्या खाली उभे राहा."

ते उभे राहिले. एका हातात रुमाल, दुसऱ्यात काळ्या रंगाची वाटी, वर बघत. मी स्टुलावर चढलो. इतके दिवस पॉलिश पेपर चालवून बोटं सुजली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. ही रेघ चुकली असती तर साहेब आयुष्यभर खरे ठरले असते. ब्रश वाटीत बुडवायला गेलो तर वाटी हलत होती.

"स्थिर धरा," मी म्हणालो.

श्वास रोखला. पापणी एका ओढीत. बुबुळ. मग कोपऱ्यातली तांबूस रेघ. मग पांढरा ठिपका.

बाप्पानं आधी मला पाहिलं, मग काकांना, मग बायांना, शेवटी साहेबांना, आणि नजर तिथंच ठेवली. बघणारे अजून आहेत, विचारा. काकांनी हात जोडले. कुडत्यावाल्यांनी जयजयकार केला. साहेबांच्या बाईंनी ताट परत उचललं, पण ओवाळताना त्या नवऱ्याच्या अंगाशी काही उभ्या राहिल्या नाहीत. निघतानाही त्या काकांच्या गाडीत जाऊन बसल्या.

साहेबांनी जाताना वाटी जागेवर ठेवली, पुसून.

टेम्पो वळणाआड गेला तसा मी कारखान्याच्या मधोमध, स्टुलावर बसलो. उभा नाही, चांगला मांडी घालून. बाया हसत होत्या. म्हातारी साहेबांची फुंक करून दाखवत होती. मेहुणा पाया पडायला आला होता, मी पडू दिलं. मग मी शेठना सगळ्यांदेखत, जरा मोठ्यानंच विचारलं, "मग काय शेठ, स्टूल कोणाचं?"

शेठ मोदकावरचा चहाचा डाग ओल्या फडक्यानं काढत होते. डाग वाळून बसला होता, जात नव्हता. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझंच," ते म्हणाले. "रोह्याची ऑर्डर सोडून."